उबेचा हिशोब

आषाढात कोल्हापुरात कोंबड्यांचे दिवस भरतात. मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून त्र्यंबोलीच्या टेकडीकडं पंचगंगेचं नवं पाणी निघतं. पुढं ‘पी ढबाक’ वाजत असतं, बायकांच्या डोक्यावर कलश असतात आणि घराघरांतून दुपारपासूनच खोबरं-मसाला भाजल्याचा वास सुटलेला असतो. मग गटारी होते, श्रावण लागतो आणि एका रात्रीत अर्धं शहर सोवळं होतं. चिकनच्या दुकानदाराला मोबाइल बघायला सवड मिळते. कोंबड्यांना मात्र पंचांग कळत नाही. त्या अंडी घालतच राहतात.

कसबा बावड्यात आमच्या समोरच्या मावशींच्या परड्यात गावरान कोंबड्या आहेत आणि एक तांबडा-काळा, अत्यंत भांडखोर कोंबडा आहे. श्रावणात त्यांची गिऱ्हाइकं आटली आणि एका सकाळी त्यांनी टोपलीभर अंडी आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. ‘‘तुमच्यात चालत्यात न्हवं? मग खावा.’’ आमच्यात श्रावणात चालतं हे खरं, पण खाऊन खाऊन किती खाणार? आठवीतल्या मुलीनं विचारलं, ‘‘यातनं पिल्लं येतील?’’ येतील असं म्हणायला माझ्याकडं एकच आधार होता, तो भांडखोर कोंबडा.

दुकानातल्या ट्रेमधल्या अंड्याला कितीही ऊब द्या, त्यातून काही निघत नाही. लेअरच्या, म्हणजे नुसत्या अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये नर ठेवतच नाहीत. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लासाठी लागतो. पण कोंबडा असलेल्या परड्यातलं अंडं आपल्या हातात येतं तेव्हा त्याची सुरुवात होऊनही गेलेली असते. कोंबडीच्या पोटातून बाहेर यायला त्याला साधारण एक दिवस लागतो, आणि तेवढ्या वेळात बलकावरच्या त्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर आल्यावर ते गार होतं आणि सगळं जागच्या जागी थांबतं. मरत नाही, थांबतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त नवल वाटलं ते या थांबण्याचं. कोंबडी रोज किंवा दिवसाआड एक अंडं घालते आणि निघून जाते. पुरेशी साठली की मगच त्यांच्यावर बसते. त्यामुळं आधीचं अंडं आणि शेवटचं अंडं एकाच दिवशी जागं होतं आणि पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर पडतात. नाहीतर पहिलं पिल्लू किडे टिपायला निघालंय आणि शेवटचं अजून बलकातच आहे, अशा संसारात आईनं करायचं काय?

हे थांबणं फार दिवस मात्र पुरत नाही. पंधरा ते अठरा अंशांच्या गारव्यात आठवडाभर अंडी चांगली टिकतात, पुढं त्यांचा जीव रोज थोडा थोडा कमी होत जातो. आपल्या स्वयंपाकघरात तेवढा गारवा पावसाळ्यातही नसतो. म्हणून मावशींना विचारून त्या आठवड्यातलीच अंडी घेतली. शेण लागलेली वगळली. धुऊन घ्यावीत असं वाटत होतं, पण धुवायची नसतात. अंड्यावर एक अगदी पातळ थर असतो, तो टरफलाची हजारो छिद्रं राखतो. धुतलं की राखण गेली.

आमच्या सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांचं माहेर भुदरगडाकडचं. अंडी उबवायच्या मशीनचं नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मशीन कशाला गं? एखादी खुडूक कोंबडी बघ की. मी बसवून देतो.’’ (आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी देतो, मी जातो’ असंच बोलतात.) पण खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी कुठं बघायची? बावड्यात ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांच्याकडं बहुतेक गिरिराज, कावेरी नाहीतर आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) आहेत. या जाती अंड्यांवर क्वचितच बसतात. मावशींच्या गावरान कोंबड्या बसतात, पण मावशी त्यांना बसू देत नाहीत. खुडूक झाली की तिला गार पाण्यात बुचकळायची, डालग्याखाली कोंडायची, आणि तरीही ऐकत नसेल तर तिच्याच अंगाचं पीस नाकपुडीतून आरपार घालायचं. चार-आठ दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते. अंड्यावर म्हणजे अंडी घालण्यावर.

यात मावशींना दोष देण्यासारखं काही नाही. खुडूक कोंबडी अंडी देत नाही. एकवीस दिवस बसणार, मग दीड-दोन महिने पिल्लं फिरवणार. तोवर अंड्यांच्या नावानं शून्य. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते ती त्यामुळंच. लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर देते, कारण पिढ्यान् पिढ्या निवड करकरून तिच्यातलं खुडूकपण जवळपास काढून टाकलंय. धंद्याच्या भाषेत तो दोष आहे. अंडं देणं हा गुण, अंड्यावर बसणं हा अवगुण. आपण आईपणाचे दोन तुकडे केले, एक तुकडा विकायला ठेवला आणि दुसऱ्याचं मशीन केलं. हे मला तेव्हा एवढं स्पष्ट कळलं नव्हतं. तेव्हा आम्हाला फक्त थर्माकोलचं खोकं हवं होतं.

खोकं नवऱ्यानं केलं. तो उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये आहे आणि त्याचं आयुष्य मायक्रॉनमध्ये जातं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, चाळीस वॉटचे दोन बल्ब (एक उडाला तर दुसरा असावा म्हणून), तापमान ठरवणारा एक छोटा कंट्रोलर, झाकणाला काच. बाजारात तयार मशीन मिळतात, पण उद्यमनगरच्या माणसाला तयार वस्तू घेणं कमीपणाचं वाटतं. वर्कशॉपमधल्या एकानं विचारलं, ‘‘काय, कडकनाथ का?’’ आणि सगळे हसले. २०१९ साली ‘कडकनाथ पाळा, अंडी आम्ही विकत घेतो’ म्हणून आपल्या भागात काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांची त्यात गुंतवणूक बुडाली. त्यानंतर इकडं कोंबडी आणि योजना हे दोन शब्द कुणी एका वाक्यात घेत नाही. ‘‘समोरच्या मावशींची अंडी आहेत,’’ एवढं सांगून तो गप्प राहिला.

अंडी ठेवण्याआधी दोन दिवस मशीन रिकामं चालवलं. लागतं साडेसदतीस अंश. आत पंखा असेल तर साडेसदतीस. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची गार राहते, मग अंड्याच्या माथ्यावर अंशभर जास्त धरावं लागतं. आकडा सोपा आहे, पण तो खरा आहे हे कसं ओळखायचं? घरातल्या तीन थर्मामीटरनी तीन आकडे दाखवले. शेवटी मेडिकलमधून तापाचा थर्मामीटर आणला आणि त्याला प्रमाण मानून बाकीच्यांची खोट काढली. इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवत आणि तिथले कामगार अंडं पापणीला लावून ऊब जोखत, असं वाचलं होतं. मीही लावून पाहिलं. माझ्या पापणीला फक्त ‘ऊन आहे’ एवढंच कळलं. त्या माणसांच्या पापणीला अर्ध्या अंशाचा फरक कळत असणार, कारण त्यांचं पोट त्यावर होतं.

दमटपणाचा हिशोब तर उलटाच निघाला. बाहेर झड लागलेली. कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी, भिंतीला ओल. अशा हवेत मशीनमध्ये पाण्याची वाटी ठेवायची म्हणजे काय, असं सगळ्यांचं म्हणणं. मुलीनं आत आर्द्रतामापक ठेवला तर चाळीसच्या आसपास! आधी वाटलं बिघडलाय. मग मुलीनंच त्याची परीक्षा घेतली : ओलसर मीठ एका झाकणात, त्याच्याशेजारी मापक, दोन्ही एका बंद पिशवीत रात्रभर. अशा बंद जागेत आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. मापक जवळपास तेवढंच दाखवत होता, म्हणजे तो ठीक होता. बाहेरची चोवीस अंशांची ओलीचिंब हवा आत येऊन साडेसदतीस अंशांना तापली की तिची पाणी धरायची ताकद दुपटीनं वाढते आणि तेच पाणी तिला अपुरं पडायला लागतं. भर श्रावणात आमच्या खोक्यात उन्हाळा होता. वाटी ठेवल्यावर काटा पन्नासच्या जवळ आला.

पाणी हवं, पण फारही नको. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण अकरा ते तेरा टक्क्यांनी उतरायला हवं. आतलं पाणी छिद्रांतून उडतं आणि अंड्याच्या रुंद टोकाला असलेली हवेची पोकळी मोठी होत जाते. ती पोकळी कशासाठी, ते शेवटी कळतं. गावरान अंडं असतं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, म्हणजे पाचएक ग्रॅमचा सगळा खेळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नवऱ्यानं एकेक अंडं तोलून वहीत मांडलं. त्या वहीत आधीच्या पानावर गॅसच्या सिलिंडरचा हिशोब होता.

मग फिरवणं. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. शाईचं पेन नको, टरफल शाई पिऊन घेतं. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोल, रात्री पुन्हा फुल्या; दुसऱ्या दिवशी याच्या उलट. दिवसातून तीनदा किंवा पाचदा, म्हणजे विषम. म्हणजे कालची रात्र ज्या कुशीवर गेली त्यावर आजची जात नाही. न फिरवलं तर वाढणारा जीव टरफलाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. कोंबडी हे चोचीनं करते, दिवसभर आणि रात्रीही, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. आत्ती दारात उभ्या राहून बघायच्या. ‘‘कोंबडी काय वहीत लिवून फिरवत्या व्हय?’’ पण दुपारच्या वेळी, आम्ही तिघंही बाहेर असताना, अंडी फिरवून ठेवलेली असायची. कुणी फिरवली, ते मी कधी विचारलं नाही.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवून अंडी बघितली. मोबाइलच्या टॉर्चवर काळ्या पुठ्ठ्याची नळी, नळीच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक. गावरान अंड्याचं टरफल बदामी, त्यामुळं पांढऱ्या अंड्याइतकं स्वच्छ दिसत नाही. पहिलं अंडं नुसतं पिवळसर उजळलं, आत कोरं. दुसरंही कोरं. मुलीचा चेहरा बघवेना. तिसऱ्यात मात्र सगळं केशरी झालं आणि त्यात लाल रेघा. भूगोलाच्या पुस्तकात पंचगंगेचा नकाशा असावा तशा : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा चहूकडून येऊन एका ठिकाणी मिळणाऱ्या. आणि जिथं त्या मिळत होत्या तिथं एक काळा ठिपका होता, तो मध्येच झटक्यानं हलला.

कोंबडीच्या गर्भाचं हृदय दुसऱ्या दिवसाच्या शेवटाकडंच धडधडायला लागतं. अॅरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात एक रक्ताचा ठिपका उड्या मारताना दिसतो असं लिहून ठेवलं. त्याला ते बघायला अंडं फोडावं लागलं होतं. आमच्याकडं मोबाइल होता. आत्तींना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या बसवल्या, पण आत काय चालतं ते कधी बघितलं नव्हतं. बघायचं असतं असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘ठेव बाय आत. गार हुईल.’’ त्या रात्रीपासून ‘कशाला’ हा प्रश्न बंद झाला.

कोरी अंडी काढून टाकली. एकात रक्ताची नुसती गोल कडी दिसत होती, म्हणजे सुरू होऊन पहिल्या काही दिवसांतच संपलेलं. तेही काढलं, असलं अंडं आत राहून नासलं तर फुटून बाकीच्यांवर उडतं.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री वाऱ्यापावसात लाईट गेली ती तास-दीड तास आली नाही. नवरा इन्व्हर्टरची वायर शोधतोय, मी गरम पाण्याच्या बाटल्या भरतेय, मुलगी खोक्यावर घोंगडं टाकतेय, असा गोंधळ. आत्ती अंथरुणातूनच बोलल्या, ‘‘कोंबडी बी उठत्या की दिसातनं एकदा. खात्या, पित्या, हागत्या, मातीत लोळत्या. अंडी मरत्यात व्हय तेवढ्यानं?’’ बरोबर होतं ते. बसलेली कोंबडी रोज पंधरा-वीस मिनिटं उठतेच, आणि तेवढा गारवा अंड्याला सोसतो. वाढलेल्या गर्भाची स्वतःचीही थोडी ऊब असते. झाकण न उघडता घोंगडं गुंडाळून ठेवलं. लाईट आली तेव्हा आत चौतीस होतं.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, वाटीच्या जागी रुंद ताटली, आर्द्रता पासष्टच्या वर, आणि झाकणाला हात लावायचा नाही. हे सगळ्यांत अवघड. इतके दिवस काहीतरी करायला होतं : फिरवा, तोला, बघा, लिहा. आता नुसतं बसायचं. अंड्यात मात्र धांदल चाललेली असते. पिल्लू वळून डोकं रुंद टोकाकडं नेतं, चोचीनं हवेच्या पोकळीचा पडदा फोडतं आणि तिथं पहिला श्वास घेतं. ती पाच ग्रॅमची उडालेली ओल यासाठी होती. तोवर टरफलाला आतून चिकटलेल्या रक्तवाहिन्याच त्याचा श्वास चालवत असतात. आता फुप्फुसं सुरू होतात. आणि मग टरफलाआडून आवाज येतो.

तो आवाज आम्ही विसाव्या दिवशी पहाटे ऐकला. आधी मला तो पंख्याचा वाटला. आत्तींनी कान खोक्याला लावला आणि घशातल्या घशात ‘कुर्र कुर्र’ असा आवाज काढला. आतून उत्तर आलं. मी पुन्हा सांगते, उत्तर आलं. बसलेली कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्यांशी बोलते आणि पिल्लं आतूनच तिचा आवाज ओळखायला लागतात. आमच्या मशीनला ऊब देता येत होती, ओल देता येत होती, फिरवायला आमचे हात होते. पण बोलायचं कुणी हे कुठल्याच हिशोबात नव्हतं. पुढचे दोन दिवस आत्ती खोक्याशेजारी पाट टाकून बसल्या. माळही तिथंच, चहाही तिथंच.

दुपारी पहिल्या अंड्यावर टोच पडली. तिळाएवढा उंचवटा, त्याच्याभोवती बारीक भेगा. मग काही नाही. तास, दोन तास, संध्याकाळ. मुलगी रडकुंडीला आली. ‘‘आई, ते अडकलंय. जरा सोलूया ना.’’ सोलायचं नसतं. टोच पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज जातात, आणि ते वाया जात नाहीत. त्या वेळात टरफलाच्या पडद्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत येतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. घाईनं सोललं तर रक्त वाहतं. झाकण उघडलं तर ओल निघून जाते आणि पडदा वाळून पिल्लाला आवळून धरतो. आपल्या मायेनंच ते मरायचं. मुलीला मी एवढंच म्हटलं की ते विसावा घेतंय. ती म्हणाली, ‘‘एवढा वेळ?’’ मला आमच्या प्रसूतीच्या वॉर्डातली एक बाई आठवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच विचारणारी.

रात्री कधीतरी चोचीनं टरफलाला गोल चीर पडत गेली. चोचीच्या टोकाला एक टणक पांढरा कण असतो, तेवढंच हत्यार. चार-सहा दिवसांत गळून जातं. मानेचा एक स्नायू या एका कामासाठी सुजून तयार झालेला असतो. टोपी उघडावी तसं टरफलाचं टोक वर झालं आणि एक ओला, लुकडा, अत्यंत कुरूप जीव ताटलीवर पडला. कुणी काही म्हणालं नाही. नवऱ्यानं उगाचच कंट्रोलरचा आकडा वाचून दाखवला.

सकाळपर्यंत एकामागून एक बाकीचीही आली, आधीच्याच्या आवाजानं पुढच्याला जोर चढत असल्यासारखी. वाळल्यावर ती पिल्लं दिसायला लागली : काही पिवळी, काही पाठीवर तपकिरी पट्टे असलेली, एक जवळजवळ काळं. पाय मात्र बहुतेकांचे पिवळे. हा पिवळा रंग आपल्याकडच्या रानातून आलेला आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचा गुण राखाडी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ सालच्या जनुकीय अभ्यासात निघालं. तो राखाडी रानकोंबडा आपल्या राधानगरीच्या जंगलात आजही पहाटे ओरडतो. राधानगरीला जाऊन मी गवे बघितले होते, त्याच्याकडं लक्षही दिलं नव्हतं.

एका अंड्यावर टोच पडली आणि पुढं काही झालंच नाही. बाकीची चोवीस तासांनी बाहेर काढल्यावरही ते आतच. चिवचिव आधी बारीक झाली, मग बंद. आत्ती म्हणाल्या, ‘‘सगळी येत न्हाईत बाय. कोंबडीखाली बी येत न्हाईत.’’ परड्यात पेरूच्या बुडाशी मुलीनं ते पुरलं.

पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस खाण्यापिण्यावाचून राहू शकतं. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब लांब पाठवतात ते याच जोरावर. कोंबडीलाही त्याचा उपयोग होतो : शेवटचं पिल्लू येईपर्यंत तिला उठावं लागत नाही. पहिलं पाणी गुळाचं देतात. आमच्याकडं गूळ काही कुठून आणावा लागत नाही. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवलं, नाहीतर पिल्लं त्यातच बुडतात. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात भाताचं तूस अंथरलं, वर बल्ब टांगला. नुसता पेपर घालत नाहीत, त्यावर पाय घसरून फाकतात आणि मग तसेच राहतात. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. पण इथं थर्मामीटरची गरजच नव्हती. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उकडतंय, सगळीकडं विखरून टिपत असली तर ठीक. नवऱ्याला हे मापन पसंत नव्हतं, तरी त्यानं कंट्रोलर काढून घेतला.

राणीखेतची लस ही खरी डोकेदुखी. मानमोडी म्हणतात त्या रोगाला आपल्याकडं. आली की परडंच्या परडं मोकळं करते. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब टाकायचा. पण लसीची लहानात लहान बाटली शंभर पिल्लांची, आणि एकदा कालवली की बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवायची. मूठभर पिल्लांसाठी बाटली फोडायची तर बाकीची ओतून द्यायची. मग मावशींच्या कोंबड्या, खालच्या गल्लीतल्या दोन घरांची पिल्लं, असा सगळा गोतावळा एका रविवारी आमच्या परड्यात जमवला. बर्फाच्या थर्मासभोवती पाट्या, डालगी, टोपल्या. लग्नाच्या याद्यांना जमत नाहीत एवढी माणसं जमली. सरकारी योजनेतून कोंबड्या वाटतात तेव्हा त्यांच्यासोबत हे गणित कुणी समजावून का देत नाही, असा मला प्रश्न पडतो.

पिल्लं आत्तींच्या मागं जायची. पिल्लू जन्मल्यावर जे पहिलं हलताना बघतं त्याच्या मागं जातं, हे डग्लस स्पाल्डिंग नावाच्या इंग्रजानं १८७३ मध्ये कोंबडीच्याच पिल्लांवर बघून लिहिलं होतं. आमच्याकडं सगळ्यांत जास्त दिसल्या आत्ती आणि ऐकू आल्याही त्याच. त्या परड्यात निघाल्या की लुगड्याच्या काठामागं रांग. घार वर आली की त्या तोंडानं एक लांब, ताणलेला आवाज काढायच्या आणि सगळी पिल्लं लुगड्यात शिरायची. तो आवाज त्या कुठं शिकल्या विचारलं तर म्हणाल्या, ‘‘कोंबडीकडनं. आणि कुठनं?’’

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते असा त्यांचा ठाम समज. मुलीनं उबवताना आकार लिहून ठेवले होते. दोन महिन्यांनी तुरे तांबडे झाले तेव्हा वही काढून बघितलं, काही मेळ नव्हता. पिल्लू नर का मादी हे कोंबडीच्या पोटातच, अंड्याला टरफल येण्याच्याही आधी ठरलेलं असतं. आकाराचं काही चालत नाही, आमच्या साडेसदतीस अंशांचंही नाही. निम्मे कोंबडे निघाले. निम्मे निघतातच.

आणि एवढे कोंबडे एका परड्यात नांदत नाहीत. एक ठेवला, एक मावशींना त्यांच्या भांडखोराच्या जोडीला दिला (आठवड्यात परत आला, कान फाटून). बाकीच्यांचं काय होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारून टाकतात. ब्रॉयलर सहा आठवडे जगतो. आमचे कोंबडे परड्यात मातीत लोळले, पेरूच्या झाडावर झोपले, शेजाऱ्यांना पहाटे चारला उठवून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. उन्हाळ्यात आत्तींच्या माहेरी म्हाई, म्हणजे गावची जत्रा, होती, तिकडं दोघांना पाटीत घालून नेलं. मी जेवले. मुलगी पांढऱ्या भाताबरोबर ताक घेऊन उठली. दोघींनी एकमेकींना काही म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. या गोष्टीवर एका घरात दोन मतं असायला हरकत नाही.

तलंगा गेल्या महिन्यात अंड्यावर आल्या. त्यातली ती जवळजवळ काळी आठवड्यापूर्वी खुराड्यातून बाहेरच येईना. हात घातला तर पिसं फुलवून, घसा खरवडून गुरगुरली. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटलेली, कातडी तापल्यासारखी गरम. खुडूक. जिनं आईच्या जागी थर्माकोल आणि बल्ब बघितला, तिला हे कुणी शिकवलं? नवऱ्यानं लगेच हिशोब मांडला : आता तीन महिने हिची अंडी बंद. मावशींनी कुंपणावरून सुचवलं, ‘‘पीस घाला नाकात, येईल ठिकाणावर.’’ आत्तींनी त्यांच्याकडं बघितलं फक्त, आणि पाटीत नवं तूस पसरलं.

दहा अंडी निवडली, रात्री अंधारात तिच्याखाली सारली. त्याआधी मी ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधत होते तर आत्ती म्हणाल्या, ‘‘तिला कशाला लागत्यात तुझ्या फुल्या?’’ फिरवायला नाही लागत, ते खरंच. पण खुडूक बसली की बाकीच्या तलंगाही तिच्याच पाटीत येऊन अंडी घालून जातात, आणि ताजी कुठली, बसवलेली कुठली काही कळत नाही. मी दहाही अंड्यांवर फुल्या मारल्या. आता रोज संध्याकाळी तिच्या टोचा खात हात घालायचा, बिनफुलीची तेवढी काढायची आणि त्यांची पोळी करायची.